धरून नाचायचं की सुटं?

लग्नाचा सीझन सुरू झाला की माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जोड्यांना 'कपल डान्स' हवा असतो. मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी लग्नाचा व्हिडिओ सेव्ह केलेला असतो. त्याचा हात तिच्या कमरेवर, तिचा त्याच्या खांद्यावर, मंद दिवे, आणि दोघं सावकाश गोल गोल. मी नाही म्हणत नाही, बसवून देते. पण हॉलवर काय होणार ते मला आधीच दिसत असतं. दोघं एकमेकांकडे बघत असतात, त्यामुळे कुणा एकाची पाठ कायम पाहुण्यांकडे. फोटोग्राफर खालून हातवारे करतो, "सर, जरा इकडे वळा ना." आजी शेजारणीला विचारते, "यात आपली कुठली?" दुसऱ्या अंतऱ्याला निम्मे लोक जेवायला उठतात. मग डीजे गोविंदाचं काहीतरी लावतो, नवरीचा मामा शर्टाच्या बाह्या वर करत स्टेजवर चढतो आणि उठलेली माणसं हातात डिश घेऊन परत येतात.

मी डोंबिवलीत नाच बसवते. लग्नांचे, सोसायटीच्या स्नेहसंमेलनाचे, ज्येष्ठ नागरिक संघाचे, जे काम येईल ते. शिकले कथक, पण पोट चाललं हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर. तीच गाणी पॉज करून, मागे नेऊन, पुन्हा बघून माझं एक मत झालंय. आपल्या सिनेमात पाश्चात्य नाच ढिगाने आले, पण अंगी लागले ते सुटे. जोडीदाराला धरून करायचे फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ वगैरे आले, पाहुणचार घेतला आणि गेले. दोघांनी समोरासमोर उभं राहून, एकमेकांना हात न लावता करायचे ते इथेच राहिले.

यावर लगेच सगळे म्हणतात, "अहो टीचर, संस्कृतीच तशी आपली. सेन्सॉर, लाज, दुसरं काय!" ते आहेच. पण मला त्याहून मोठं कारण वाटतं ते म्हणजे ओठ.

बोलपट आले तेव्हा नट स्वतः गायचा. माइकच्या टप्प्यात राहायचं, वादक झाडामागे नाहीतर पडद्यामागे लपलेले. अशा स्थितीत कोण नाचणार? 1935 च्या 'धूप छाँव'पासून हिंदीत प्लेबॅक आलं. गाणं आधी रेकॉर्ड व्हायला लागलं आणि नटाचे पाय मोकळे झाले. पण पाय सुटले आणि तोंड अडकलं. गाणं ज्याच्या तोंडी आहे त्याचे ओठ कॅमेऱ्याला दिसलेच पाहिजेत. हॉलिवूडच्या जुन्या संगीतपटांत फ्रेड अस्टेअर बऱ्याचदा आधी गाऊन घेतो, मग तोंड मिटून मनसोक्त नाचतो. आपल्याकडे मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा, शब्द संपतच नाहीत. नाचायला मोकळीक मिळते ती मधल्या वाद्यांच्या तुकड्यात. आमच्या धंद्यात त्याला 'पहिला म्युझिक', 'दुसरा म्युझिक' म्हणतात. गिरक्या, उड्या, जागा बदलणं, सगळं त्या म्युझिकमध्ये उरकायचं आणि शब्द आले की नाकासमोर कॅमेरा. फॉक्सट्रॉटमध्ये हे जमणार कसं? तिथे तुमचं नाक जोडीदाराच्या कानापाशी.

पन्नाशी-साठीच्या दशकातली क्लबची गाणी या नजरेने एकदा बघा. मागच्या बाजूला सुटाबुटातली, फ्रॉकमधली जोडपी एकमेकांना धरून व्यवस्थित बॉलरूम करत असतात. त्यांत मुंबईचे अँग्लो-इंडियन असत, गोव्याचे ख्रिश्चन असत. त्यांना तो नाच घरचाच. त्यांना तोंड हलवायचं नसतं म्हणून ती धरून नाचू शकतात. पुढे नायक-नायिका सुटी. मला कधी कधी पुढच्या हिरोपेक्षा मागचं एखादं जोडपंच जास्त आवडून जातं. दोन सेकंद दिसतात, पण पाय काय सुरेख पडतात त्यांचे! त्यांची नावं कुठल्या टायटलमध्ये नाहीत.

नाचाआधी आली वाद्यं, हे सांगायचं राहिलं. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना नोटेशन वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती पोरं मोठी होऊन मुंबईला आली आणि ताजसारख्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागली. स्वातंत्र्यानंतर मुंबईत दारूबंदी आली, क्लब-हॉटेलांचा धंदा बसला, आणि या वादकांना फिल्मी रेकॉर्डिंगचा आधार झाला. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही माणसं संगीतकाराच्या चालीला ऑर्केस्ट्राचे कपडे चढवायची. चाल पुणतांब्याच्या नाहीतर लाहोरच्या माणसाची आणि मागे ट्रम्पेट वाजतंय हळदोण्याच्या माणसाचं. हळदोण्याचा म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. तो सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता, आणि 1951 च्या 'अलबेला'त आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो.

'अलबेला'पाशी मी थांबणारच. भगवानदादांबद्दल आपल्याकडे हळवं होऊन खूप लिहिलं जातं. जुहूचा बंगला, गाड्या, मग सगळं गेलं, शेवट दादरच्या छोट्या घरात. ते सगळं खरं, पण त्या नादात त्यांचा नाच कुणी बघतच नाही. गिरणी कामगाराचा मुलगा. मूकपटांच्या काळात शिरला, मारामारीचे सिनेमे काढत राहिला. शरीर पैलवानी, बुटकं. नाच कुठे शिकलेला नाही. अशा माणसापुढे सी. रामचंद्रांनी 'शोला जो भडके'त बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन उभे केले. आता या वाद्यांवर कथक चालत नाही आणि बॉलरूम त्याला येत नाही. मग त्याने काय केलं?

हे मी वर्गात करून दाखवते. गुडघे किंचित सैल सोडायचे, पण वाकायचं नाही. अंगाचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचं, पाऊल जमिनीवरून जेमतेम उचलायचं. कोपरं अंगाला लागून, पंजे मोकळे, आणि वजन ज्या पायावर जाईल त्या बाजूचा खांदा जरासा उडवायचा. मान त्याच्या उलट. चेहऱ्यावर आपण काही विशेष करतोय असा भाव अजिबात नको. झालं. बघायला काहीच नाही असं वाटतं, पण करायला गेलात की कळतं की सगळी मजा उशिरात आहे. दादा ठेक्यावर पाय टाकत नाहीत, ठेक्याच्या किंचित मागून येतात, घाई नसलेल्या माणसासारखे. हा मागून येणारा ठेका जॅझचा. तो त्यांनी बँडकडून कानाने उचलला आणि अंगात घातला. शेजारी गीता बाली तेच करते, हातभर अंतर ठेवून. धरणं नाही, उचलणं नाही, दोघांचीही तोंडं आपल्याकडे.

पुढे अमिताभ बच्चनने तेच गुडघे उचलले. उंच माणसाला तो नाच जास्तच शोभला. गणपतीच्या मिरवणुकीत आणि वरातीत जो माणूस 'मला नाचता येत नाही' म्हणत म्हणत नाचतो तो हेच करत असतो. गुडघे बदलून घेतलेल्या एका काकांना मी ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमासाठी हीच स्टेप दिली होती. डॉक्टरांना विचारून आले, डॉक्टर म्हणाले हरकत नाही. काका पुढच्या रांगेत, आणि वन्स मोअर त्यांनाच.

मग साठच्या दशकात आला ट्विस्ट, आणि माझ्या मते तो जणू हिंदी सिनेमासाठीच जन्माला आला होता. 1960 मध्ये चबी चेकरचं गाणं अमेरिकेत गाजलं आणि जोडीदाराचा हात सोडून नाचायची टूम निघाली. तिकडच्या थोरामोठ्यांना हात सोडणंच खटकलं म्हणतात! आपल्याला तर तेच हवं होतं. नायिकेला हात न लावता बेभान व्हायची सोय, तीही तोंड कॅमेऱ्याकडे ठेवून. 1965 च्या 'भूत बंगला'त मेहमूदने सरळ ट्विस्ट करू या असंच गाणं टाकलं, आर. डी. बर्मनची चाल, मन्ना डेंचा आवाज. शिकवायलाही ट्विस्टइतका सोपा नाच नाही. मी बायकांना सांगते, "पायाच्या चवड्याखाली विडी विझवताय आणि दोन्ही हातांनी पंचा धरून पाठ पुसताय असं करा." विडी म्हटल्यावर हसतात, आणि हसता हसता जमतं.

त्या काळातला माझा लाडका माणूस हर्मन बेंजामिन. नाव ऐकलं नसेल, पण बघितलाय नक्की. 'गुमनाम'च्या सुरुवातीला 'जान पहचान हो' आहे ना, त्यात रफीच्या आवाजावर ओठ हलवणारा तो गायक म्हणजे स्वतः नृत्यदिग्दर्शक हर्मन बेंजामिन. मागे टेड लायन्सचा बँड, आणि डोळ्यांवर काळा मुखवटा लावून अंगातलं हाड न् हाड सुटं करून नाचणारी लक्ष्मी छाया. 2001 मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन सिनेमाने सुरुवातीलाच हे गाणं वापरलं आणि तिकडची पोरं चक्रावली. चक्रावणारच. रॉक अँड रोल त्यांचा, पण मान आणि डोळे इतके कामाला लावलेला रॉक अँड रोल त्यांनी कुठे बघितलाय? लक्ष्मी छायाचे पाय बाजूला ठेवा, फक्त खांद्याच्या वरचं बघा. मुखवट्याआडूनसुद्धा डोळे कामात आहेत. हे आपल्या मातीतलं. जोडीदाराला धरलेला असता तर हे सगळं त्याच्या कोटाच्या खांद्यावर वाया गेलं असतं.

'तीसरी मंजिल'चं 'आजा आजा' सुद्धा बेंजामिनचंच. शम्मी कपूर आणि आशा पारेख. ती शास्त्रीय नाच शिकलेली, तो काहीच न शिकलेला, आणि त्या गाण्यात तीच त्याला गाठायला धावत्येय असं मला दरवेळी वाटतं. शम्मीचा नाच कुणाला शिकवता येत नाही. स्टेप म्हणून काही हातालाच लागत नाही. मी प्रयत्न सोडून दिलाय. सोसायटीत कुणी शम्मी मागितला तर सांगते, एक मफलर घ्या आणि लाज घरी ठेवून या.

हेलनबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तिच्यावर लोकांनी भरपूर लिहिलंय. ब्रह्मदेशातून युद्धाच्या काळात पायपीट करत आलेली मुलगी, कुक्कूने तिला सिनेमात आणलं, 1958 च्या 'हावडा ब्रिज'मधल्या चिन चिन चूने नाव केलं. माझा मुद्दा एवढाच की कॅबरे म्हणजे सुटेपणाचा कळस. बाई एकटी, समोर टेबलं, आणि बघणारे बसलेले. तिलाही कुणी धरायचं नाही. पाश्चात्य नाच खलनायिकेकडे आणि देशी नाच नायिकेकडे अशी वाटणी पुष्कळ वर्षं चालली. ती वाटणी झीनत अमान, परवीन बाबी आल्यावर मोडली, आणि बरं झालं.

हे सगळं 'पाश्चात्य' म्हणायचं आपलं सवयीने. 'गोरे गोरे' ही चाल ज्या एडमुंडो रॉसच्या गाण्यावरून घेतली तो त्रिनिदादचा. चबी चेकर कृष्णवर्णीय. 1991 च्या 'जुम्मा चुम्मा'ची चाल गिनी देशातल्या मोरी कान्तेच्या गाण्यावरून आली, म्हणजे पश्चिम आफ्रिका. जोडीने गोल गोल फिरायचा गोऱ्या साहेबांचा नाच आपल्याला पचला नाही, आणि आफ्रिकेतून बोटीने फिरत फिरत आलेले ठेके मात्र आपल्या अंगात भिनले. याच्यामागे काय असेल ते जाणकारांनी सांगावं. मला ढोलकीवर वाढलेले कान आठवतात.

डिस्को आला तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे त्याबद्दल मी निःपक्ष लिहू शकत नाही. 1980 मध्ये 'कुर्बानी'तलं नाझिया हसनचं गाणं, मग 1982 मध्ये 'डिस्को डान्सर'. आमच्याकडे गणपतीत रेकॉर्ड डान्स स्पर्धा असायची. तेव्हा सीडी नव्हती, कॅसेट. मंडळाचा कार्यकर्ता पेन्सिल घालून टेप मागेपुढे करायचा आणि हमखास चुकीच्या अंतऱ्यावर सोडायचा. पांढरी पँट, आईच्या ब्लाउजची उरलेली टिकली-लेस शिवलेला शर्ट, कपाळाला पट्टी, असे मिथुन एका संध्याकाळी पाच-सहा तरी येत. एक हात कमरेवर, दुसऱ्याचं बोट आकाशाकडे, मग खाली, मग पुन्हा वर. 'सॅटर्डे नाइट फीव्हर' आमच्यापैकी कुणी बघितलेला नव्हता. जॉन ट्रव्होल्टा कोण हे माहीत नव्हतं. आम्हाला ते बोट मिथुनचंच. मुली मात्र स्पर्धेत कोळीगीतं नाहीतर लावणी करायच्या. डिस्को करायची परवानगी मला घरून मिळाली नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

मग ब्रेक डान्स. 1985 च्या 'मेरी जंग'मधला जावेद जाफरी बघून आमच्या आळीतली पोरं गच्चीवर पुठ्ठा टाकून डोक्यावर फिरायची. 'थ्रिलर'च्या कॅसेटी व्हिडिओवाल्याकडे भाड्याने मिळायच्या. नव्वदीत केबल आलं, एमटीव्ही दिसायला लागला, आणि 1 नोव्हेंबर 1996 ला खुद्द मायकेल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचून गेला. विमानतळावर नऊवारीतली सोनाली बेंद्रे ओवाळायला. पण खरा जॅक्सन आपल्याला आधीच मिळाला होता, तो म्हैसूर-मद्रासकडचा. 1994 मधला प्रभुदेवा. वडील सुंदरम मास्टर नृत्यदिग्दर्शक, स्वतः भरतनाट्यम शिकलेला. 'मुकाबला'त त्याचं अंग रबराचं वाटतं, पण नीट बघितलं तर प्रत्येक हालचाल कुठेतरी स्वच्छ थांबते. ते थांबणं भरतनाट्यमचं आहे. नुसता जॅक्सन बघून शिकलेल्या पोरांना घसरता येतं, थांबता येत नाही. सरोज खानला मी इथे मुद्दाम आणत नाही. तिच्यासाठी वेगळं बसावं लागेल.

माझ्या ओठांच्या सिद्धान्ताला सगळ्यात भक्कम पुरावा मला 1997 च्या 'दिल तो पागल है'मध्ये मिळाला. श्यामक दावरने जॅझ, बॅले असलं रीतसर शिकवलेली पोरं आणली, आणि मागच्या रांगेची अंगकाठी एका सिनेमात बदलून गेली. त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण त्यातला सगळ्यात मोकळा, सगळ्यात पाश्चात्य नाच कुठला? माधुरी आणि करिश्माची जुगलबंदी. त्यात शब्दच नाहीत! नुसती वाद्यं. तोंड सुटलं आणि अंगही सुटलं. पाठ फिरवा, जमिनीवर लोळा, काही करा. आणि तरी मौज बघा, दोघी एकमेकींना धरत नाहीतच. समोरासमोर उभ्या राहून सवाल-जवाब करतात. तो तर आपला फडावरचा प्रकार.

आता गाणी बहुतेक मागे वाजतात, नट ओठ हलवत नाहीत. म्हणजे धरून नाचायची शेवटची अडचणही गेली. पण झालं असं की आता ते धरतात आणि नाचत नाहीत. पावसात नुसते उभे राहतात.

आणि नाच गेला रीलमध्ये. मोबाइलची चौकट उभी, अरुंद. दोन माणसं शेजारी उभी केली की कोपरं कापली जातात. पाय दिसतच नाहीत म्हटलं तरी चालेल. उरलं काय तर चेहरा, खांदे, हात, आणि आठ मात्रांत संपणारी एक हुक स्टेप. सध्या माझ्याकडे एका संगीतासाठी वरपक्षाच्या बायकांनी 'अश्विनी ये ना' घेतलंय. 1987 चा 'गंमत जंमत', किशोर कुमारचं मराठी, आणि पडद्यावर अशोक सराफबरोबर चारुशीला साबळे, शाहीर साबळ्यांची मुलगी. शाहिराच्या घरची मुलगी पॉपच्या ठेक्यावर इतकी सहज नाचते की तिच्याकडे बघून मला कथकचे माझे ताठ खांदे खटकतात. अशोक सराफ तर शब्द न् शब्द अंगाने बोलतो. नऊ काकू आहेत, नऊही जणींना अशोक सराफच व्हायचंय, अश्विनी व्हायला कुणी तयार नाही. नवरदेवाच्या आत्यांनी तर चेक्सचा शर्टही शिवायला टाकलाय. गुरुवारी चार वाजता प्रॅक्टिस आहे, चिठ्ठ्या टाकायचं ठरलंय.